गुन्हा संगतीने शिकला जात असेल, तर एकाच घरातले दोन भाऊ वेगळे का निघतात?

साखळीकर: समाजशास्त्राच्या पदवी वर्गात अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांचा भिन्न साहचर्याचा सिद्धांत शिकवताना दरवर्षी मी एकाच ठिकाणी अडतो. गुन्हेगारी वर्तन उपजत नसते, ते जवळच्या माणसांत वावरताना शिकले जाते, हे त्यांनी १९४७ मध्ये नऊ विधानांत मांडलेले म्हणणे मुलांना पटते. मात्र म्हापशाच्या एकाच वाड्यावर वाढलेल्या दोन भावांपैकी एक मटक्याच्या धंद्यात आणि दुसरा बँकेत कसा, किंवा दिवसभर कैद्यांमध्ये असणारे कोलवाळच्या तुरुंगातले रक्षक गुन्हेगार का होत नाहीत, असे कुणी विचारले की माझे उत्तर मलाच अपुरे वाटते.

डिचोलीवासी: सर, गुन्हेगारांची संगत म्हणजे गुन्हा, असे सदरलँड म्हणतच नाहीत. कायदा मोडण्यास अनुकूल असे विचार माणसाच्या कानी प्रतिकूल विचारांपेक्षा जास्त पडले, तर तो त्या वाटेने जातो, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यात हे विचार किती वेळा, किती काळ, आयुष्यात किती लवकर आणि किती जिव्हाळ्याच्या माणसाकडून आले, हे चारही मोजावे लागते. रक्षकाला कैदी रोज भेटतो खरा, पण जिव्हाळ्याचा नसतो. दोन भावांचे घर एक असले, तरी त्यांचे सवंगडी एक असतीलच असे नाही.

पेडणेकर: मी लहान असताना आमच्या बाजारात एका गाड्यामागे खोक्यावर बसून माझ्याच वयाचा एक मुलगा मटक्याच्या चिठ्ठ्या फाडायचा. कार्बन ठेवून आकडा लिहायचा, वरची प्रत गिऱ्हाइकाला द्यायची आणि खालची सांभाळायची, हे तो दोन दिवसांत शिकला असेल. त्याला खरी शिकवण मिळाली ती मामाच्या बोलण्यातून. ‘आम्ही कुणाचं घर फोडत नाही, लोक खुशीनं आकडा लावतात’ आणि पुढे, ‘मांडवीत कॅसिनो चालतात, मग आमचाच आकडा तेवढा बेकायदा कसा?’ साइक्स आणि मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये अपराधभाव बोथट करणारी जी पाच समर्थने सांगितली, त्यांतली नुकसान नाकारणे आणि दोष देणाऱ्यालाच दोषी ठरवणे ही दोन मला त्या गाड्यामागेच ऐकायला मिळाली होती. तो मुलगा मनाने वाईट नव्हता, म्हणूनच त्याला या वाक्यांची गरज पडली, असे मी आजही मानतो.

फोंडेकर: चर्चा वाड्यापुरतीच राहू नये. सदरलँड यांनी १९३९ मध्ये पांढरपेशा गुन्ह्याची, म्हणजे प्रतिष्ठित माणसाने आपल्या कामधंद्यात केलेल्या गुन्ह्याची, कल्पना मांडली ती गरिबी म्हणजे गुन्हेगारी हे समीकरण मोडण्यासाठीच. कचेरीत नव्याने लागलेल्या कारकुनाला वरिष्ठ शांतपणे सांगतो, ‘बिल असंच करायचं असतं’, तेव्हा तिथेही शिकवणीच चाललेली असते, आणि तिची आपल्याला लाज वाटत नाही.

आपल्या दोन भावांविषयी बर्जेस आणि एकर्स या अभ्यासकांनी सदरलँड यांच्या सिद्धांतात १९६६ मध्ये घातलेली भर उपयोगी पडेल. केवळ ऐकून वर्तन टिकत नाही. त्यामागून पैसा किंवा शाबासकी मिळाली तर ते रुजते, फटका बसला तर सुटते.

साखळीकर: फार आभार. आता वर्गात मी दोघांचे घर न विचारता, पैशाविषयीचे पहिले वाक्य प्रत्येकाने कुणाच्या तोंडून ऐकले, हे विचारीन. पण हे कानी पडलेले विचार मोजायचे कसे?

डिचोलीवासी: नेमके मोजता येत नाहीत, सर. सिद्धांतावरचा सर्वांत जुना आक्षेप हाच आहे, आणि माझ्या मते तो रास्त आहे.