हेर्टा म्युलर यांच्या पुस्तकांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. सोलापुरातील आमच्या वाचनगटाच्या पुढील बैठकीत हेर्टा म्युलर यांच्याविषयी बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. रुमानियातील जर्मनभाषक अल्पसंख्याक समाजात जन्मलेल्या म्युलर १९८७ मध्ये देश सोडून पश्चिम जर्मनीत गेल्या आणि २००९ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत कारखान्यात अनुवादक असताना त्यांनी गुप्त पोलिसांची खबरी होण्यास नकार दिला. मग कार्यालयाची खोली काढून घेतल्यावर त्या जिन्याच्या पायरीवर रुमाल अंथरून, शब्दकोश घेऊन काम करीत राहिल्या, हा नोबेल व्याख्यानातील प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

त्यांचे गद्य मात्र तुटक आणि प्रतिमांनी गच्च असल्याने नवख्या वाचकाने कथांपासून सुरुवात करावी की निबंधांपासून, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मराठी अनुवाद उपलब्ध असल्यास तोच हवा, कारण गटातील बरीच ज्येष्ठ मंडळी इंग्रजी वाचत नाहीत. ब्रिटिशांनी १९३० मध्ये सोलापुरात लावलेला मार्शल लॉ (लष्करी अंमल) सोलापूरकरांना ऐकून माहीत आहे. पण तो परक्या सरकारचा होता, तर म्युलर यांच्या रुमानियात पाळत ठेवणारा शेजारीही असू शकतो. हा फरक उलगडून दाखवणारा एखादा मराठी लेख कोणाच्या वाचनात आला आहे का?