बाहेर फिरणारा बोका चार दिवस सारखा शिंकतोय, काय करू?

पडवीवाली:
नमस्कार मंडळी, आमचा गोट्या (बोका, वय तीनेक वर्षं, ऑपरेशन झालंय) रविवारपासून शिंकतोय. शिंकतोय म्हणजे एकदोन नाही, एका दमात आठ-दहा, मग मान ताणून घशात काहीतरी अडकल्यासारखं गिळत बसतो, पंजाने नाक घासतो आणि परत सुरू. आम्ही राजापूरकडे राहतो, हा दिवसभर बाहेर, रात्री जेवायला आला तर आला. सध्या भाताची झोडणी चालू आहे, सगळीकडे धूळ, पेंढा माळ्यावर चढवलाय आणि हा त्यातच उंदरांच्या मागे, म्हणून सासूबाई म्हणतात धुळीनेच होतंय, जाईल आपोआप. खातोय पण निम्मं. लस फक्त रेबीजची झालीय. गुरांचे डॉक्टर परवा भेटतील. तोवर क्रोसिनचा पाव तुकडा देऊ का? वजन ४ किलो आहे.

मनीची_मावशी:
क्रोसिन अजिबात नको!! पॅरासिटामॉल मांजरांना विष आहे, त्यांच्या लिव्हरला ते पचवताच येत नाही, एका गोळीत मांजर जाऊ शकतं. विक्स, निलगिरीचं तेल, आपले नाकाचे ड्रॉप्स हेही लांब ठेवा. नाक कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा, आणि बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ झाली की त्याला घेऊन दहा मिनिटं नुसतं बसा. घरात कासवछाप किंवा धूप लावत असाल तर थोडे दिवस बंद.

बोकोबा७७:
मला कॅट फ्लू वाटतोय. बाहेरच्या मांजरांत बहुतेक वेळा हर्पीस नाहीतर कॅलिसी व्हायरसच असतो, एकमेकांच्या शिंकांतून, एकाच भांड्यात खाल्ल्याने लागतो, माणसांना होत नाही. डोळे चिकटतायत का बघा, जिभेवर फोड आलेत का बघा. आमच्या काळीला लहानपणी हर्पीस झाला, तो अंगात राहतोच, आता घरात पाहुणे आले की तिचा डोळा गळायला लागतो, पाहुणे गेले की बंद 😄 ट्रायकॅटची लस यासाठीच असते पण ती बरं असताना द्यायची, आत्ता नाही. खाण्यावर मात्र लक्ष ठेवा, नाक चोंदलं की वास येत नाही आणि वास नाही तर मांजर ताटलीकडे बघत पण नाही. बांगडा जरा कोमट करून द्या. दोन दिवस पूर्ण उपाशी राहिला तर लिव्हरवर जातं, मग परवाची वाट बघू नका.

कोपऱ्यातला:
ताई, एक सांगा, पाणी एका नाकपुडीतून येतंय की दोन्हीतून? आणि आधी कधी सर्दी होती की एकदम सुरू झालं?

पडवीवाली:
आत्ता टॉर्च मारून बघितलं. फक्त डावीकडून, आणि जरासं लालसर. डोळे स्वच्छ, जीभ ठीक. आणि हो, एकदमच सुरू झालं, रविवारी सकाळी मागच्या बांधावर गवत खाऊन ओकला आणि तेव्हापासूनच.

कोपऱ्यातला:
मग मला फ्लू कमी आणि गवत जास्त वाटतंय. ओकताना गवताचं पातं टाळूच्या मागून वर नाकात चढतं, पात्याची कड करवतीसारखी असते त्यामुळे पुढे सरकतं पण मागे येत नाही. सारखं गिळणं त्याचंच. कुसळ गेलं असेल तरी असंच होतं. मोठ्या बोक्यात वरच्या सुळ्याचं मूळ सडलं तरी एकाच बाजूने गळतं, पण ते असं एका सकाळी सुरू होत नाही. तुम्ही चिमटा घालायला जाऊ नका, टोक दिसलं तरी नको, तुटून आत राहील. भूल देऊन टाळू पुढे ओढून बघावं लागतं, तेव्हा कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गाठा, रत्नागिरीला जावं लागलं तरी जा. तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागला तर मात्र रात्र असली तरी निघा.

पडवीवाली:
काल रत्नागिरीला नेलं, एसटीत आंब्याच्या करंडीत, वरून पंचा बांधून, दोन तास नुसता कोकलत होता. भूल दिल्यावर टाळूमागून पातं निघालं, बोटाच्या दोन पेरांएवढं लांब, हिरवंच्या हिरवं! आतून सुजलंय म्हणून गोळ्या दिल्यात, चार-पाच दिवस थोड्या शिंका येतील म्हणाले. ट्रायकॅट तीन आठवड्यांनी. सासूबाई म्हणतात धूळच होती, पातं नंतर गेलं असेल.

मनीची_मावशी:
सासूबाईंना पातं दाखवलंत का 😂 गोळी बांगड्याच्या तुकड्यात घालून द्या, नुसती दिलीत तर फेस काढून थुंकेल.