‘ना-नफा’ लिहिलं म्हणजे फी घ्यायचीच नाही का?

पोहेजलेबी: मंडळी, इंदूरला लोकमान्य नगरात आमचं छोटंसं मंडळ आहे, मुलांसाठी मराठीचे वर्ग सुरू करतोय, पत्रकावर ‘ना-नफा तत्त्वावर’ छापायचं ठरलं तर एक काका अडूनच बसले, की फी घेता, वर्षाअखेर चार पैसे उरणार, मग ना-नफा कसलं, सरळ क्लास म्हणा. शिकवणाऱ्या ताईंना मानधन द्यावं का यावरही वाद. कुणाला नीट माहितीये का? व्हॉट्सअ‍ॅपवर भांडून कंटाळा आलाय.

राजवाड्यामागचा: पैसे उरलेले चालतात हो, वाटून घेतलेले चालत नाहीत. कंपनी कायदा 2013 चं ना-नफा कंपन्यांसाठीचं कलम 8 बघा (1956 च्या जुन्या कायद्यात हेच कलम 25 होतं), नफा झाला तर तो संस्थेच्या कामातच लावायचा, सभासदांना डिव्हिडंड नाही. म्हणून तर अशा संस्थांच्या हिशेबात नफा-तोटा पत्रक नसतं, उत्पन्न-खर्च पत्रक असतं आणि उरलं त्याला वाढावा म्हणतात. ताईंना मानधन बिनधास्त द्या, तो कामाचा मोबदला आहे. फक्त अध्यक्षांच्या सुनेला दुप्पट नको 😄

रामबागवाली: पण ‘ना नफा ना तोटा’ छापू नका हं, ते वेगळं. ते भावाबद्दल असतं, दिवाळीत मंडळं फराळ विकतात ना, जेवढ्याला पडला तेवढ्यालाच दिला, तसं. ते लिहिलंत आणि फीतून पैसे उरले तर काका बरोबर ठरतील. आणि ‘सेवाभावी’ लिहिलं की लोक फुकट समजून येतात, मग फी म्हटली की तोंडं वाकडी.

पोहेजलेबी: अच्छा. मग सहकारी पतसंस्था पण ना-नफाच ना?

राजवाड्यामागचा: नाही, ती सभासदांना लाभांश देते.

जावई_पुण्याचा: एवढं डोकं कशाला, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करून टाका.

रामबागवाली: जावईबापू, ते तुमच्याकडे, नाहीतर बडोद्याला. एमपीत सोसायटी 1973 च्या कायद्याखाली फर्म्स अँड सोसायटीजच्या रजिस्ट्रारकडे होते, आणि पब्लिक ट्रस्ट करायचा असेल तर 1951 चा कायदा, त्याचे रजिस्ट्रार कलेक्टर. पुण्याचा फॉर्म इथे भरून काही उपयोग नाही.

राजवाड्यामागचा: आणि पुढे इन्कम टॅक्सची सूट घेतलीत तर साधारण 85 टक्के उत्पन्न कामावर खर्च करावं लागतं, बाकीचं शिल्लक ठेवता येतं. तेव्हा मात्र सीएला विचारूनच करा.