ग्रंथालयाच्या ‘कोहा’साठी स्वस्त व्हीडीएस घ्यायचा आहे: ऑफर कशा पारखाव्यात?

ग्रंथसेवक

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या आमच्या शासनमान्य ‘ब’ वर्ग ग्रंथालयाचे कोहा (ग्रंथालय चालवण्याची मुक्त संगणक-प्रणाली) सध्या कार्यालयातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर चालते. वीज गेली की देवघेव थांबते आणि वाचकांना घरबसल्या पुस्तकांची यादी पाहता येत नाही, म्हणून कार्यकारिणीने सर्व्हर भाड्याने घेण्यास संमती दिली आहे. मात्र मासिक खर्च कर धरून सतराशे रुपयांच्या वर जाऊ नये, अशी अट आहे. यादीत सुमारे चाळीस हजार पुस्तके आहेत, तीन संगणकांवरून देवघेव होते आणि खरी गर्दी संध्याकाळी पाच ते आठ या वेळात असते. डेबियनवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) कोहा बसवणे, अद्ययावत ठेवणे ही कामे मला जमतात. होस्टिंगचा बाजार मात्र माझ्यासाठी नवा आहे.

तीन ऑफर समोर आहेत. पहिली एका भारतीय विक्रेत्याची असून तिला ‘व्हीडीएस’ (व्हर्च्युअल डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे मोठ्या यंत्रातला भाड्याचा राखीव हिस्सा) म्हटले आहे: चार कोर, ८ जीबी रॅम, १०० जीबी एनव्हीएमई (वेगवान डिस्क), अमर्याद डेटा, दरमहा ५९९ रुपये, पण तीन वर्षांचे पैसे एकदम भरल्यास. दुसरी जर्मनीतील आहे. सहा कोर आणि १२ जीबी रॅम देऊनही ती आमच्या मर्यादेत बसते. तिसरी मुंबईतील डेटा सेंटरची आहे: दोन ‘डेडिकेटेड’ कोर, ४ जीबी रॅम, ६० जीबी डिस्क, दरमहा १४०० रुपये अधिक जीएसटी, पैसे महिन्याच्या महिन्याला. आकडे पाहिले तर तिसरी सर्वांत महाग आणि सर्वांत तोकडी वाटते, आणि कार्यकारिणीतील बहुतेकांचा कल पहिलीकडे आहे. जाहिरातीतील आकड्यांपलीकडे नेमके काय पाहावे, याबाबत अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

लिनक्सकर

‘व्हीडीएस’ या नावाला कोणतीही ठरलेली व्याख्या नाही, त्यामुळे ज्याला जे विकायचे आहे ते तो त्या नावाने विकतो. यंत्रातील काही कोर आणि ठरलेली रॅम केवळ तुमच्यासाठी राखून ठेवली जाते, हा त्याचा अपेक्षित अर्थ. प्रत्यक्षात अनेक स्वस्त ऑफरमध्ये रॅम तेवढी राखीव असते आणि कोर मात्र डझनभर शेजाऱ्यांमध्ये वाटलेले असतात. आरक्षण तुमच्या नावावर, पण आसनावर आधीच दुसरे कोणीतरी बसलेले, असा तो प्रकार असतो. म्हणून विक्रेत्याला लेखी विचारा: कोर राखीव आहेत की सामायिक, आणि ‘कोर’ म्हणजे खरा कोर की हायपरथ्रेडिंगचा (एकच कोर दोन असल्यासारखा दाखवण्याच्या सोयीचा) एक थ्रेड? ‘चार कोर’ म्हणून चार थ्रेड दिले असतील तर ते फार तर दोन खऱ्या कोरांइतके असतात. या प्रश्नाला सरळ उत्तर न देणाऱ्या विक्रेत्याचा विचार मी तरी पुढे करणार नाही.

दुसरे असे की व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका यंत्राचे अनेक आभासी सर्व्हर करण्याचे तंत्र, केव्हीएमचे असावे. केव्हीएम २००७ पासून लिनक्स कर्नलचाच (प्रणालीच्या गाभ्याचाच) भाग आहे आणि त्यात तुमच्या सर्व्हरला स्वतःचे कर्नल मिळते. ओपनव्हीझेड या दुसऱ्या तंत्रात सर्व गिऱ्हाईक यजमान यंत्राचे एकच कर्नल वापरतात. ते जुने असले तर तुमच्या हाती काहीच उरत नाही. सर्व्हर हाती आल्यावर ‘सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ ही आज्ञा दिली की खरे काय ते कळते. त्यानंतर ‘एलएससीपीयू’ चालवून प्रोसेसरचे नाव पाहा. इंटेलच्या २०१६ सालच्या झिऑन ई५ व्ही४ मालिकेतील एखादा कोर आणि एएमडीच्या अलीकडच्या एपिकचा एक कोर यांच्या वेगात मोठे अंतर आहे, जाहिरातीत मात्र दोन्ही ‘एक कोर’ म्हणूनच मोजले जातात. नावाच्या जागी नुसते ‘क्यूईएमयू व्हर्च्युअल सीपीयू’ दिसले तर विक्रेत्याने खरा प्रोसेसर झाकला आहे असे समजा आणि फ्लॅग्जच्या (प्रोसेसरच्या सोयींच्या) यादीत ‘एईएस’ ही कूटलेखनाची सोय आहे का ते तपासा; तो नसेल तर एचटीटीपीएसच्या कूटलेखनाचा सगळा भार साध्या गणनेवर पडतो.

आता मोजमाप. ‘टॉप’ ही आज्ञा उघडल्यावर सीपीयूच्या ओळीत सर्वांत शेवटी ‘एसटी’ असा आकडा दिसतो. तुमच्या सर्व्हरला काम करायचे होते, पण यजमान यंत्राने प्रोसेसर दुसऱ्याला दिला होता, असा वेळ त्यात टक्क्यांत येतो. अधूनमधून एक-दोन टक्के दिसले तर हरकत नाही. संध्याकाळभर तो दहाच्या आसपास रेंगाळत असेल तर कोर राखीव नाहीत, हे उघड आहे. काही विक्रेते हा आकडा पाहुण्या यंत्रापर्यंत, म्हणजे तुमच्या सर्व्हरपर्यंत, पोहोचूच देत नाहीत, त्यामुळे केवळ शून्य दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवण्याच्या सोयीत) दर तासाला सिसबेंच या वेगमापकाची तीच ती छोटी चाचणी लावावी आणि पहाटे तीनचा निकाल व संध्याकाळी सहाचा निकाल शेजारी ठेवून पाहावेत. राखीव कोरावर ते जवळपास सारखे येतात, सामायिक कोरावर संध्याकाळचा आकडा खाली घसरतो. आठवडाभराची अशी नोंद विक्रेत्याच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक सांगून जाते.

डिस्कच्या बाबतीत ‘डीडी’ या आज्ञेने काढलेला वेग पाहून हुरळून जाऊ नये. ती चाचणी मोठा मजकूर सलग लिहिते आणि बरेचदा कॅशेचाच वेग दाखवते. कोहाचा डेटाबेस मारियाडीबी मात्र प्रत्येक देवघेवीची छोटीशी नोंद लिहून ती डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री करून घेतो. म्हणून एफआयओ या चाचणी-साधनाने ४ केबीच्या विखुरलेल्या वाचन-लेखनाची चाचणी एफसिंकसह (नोंद डिस्कवर उतरल्याची खात्री करत) घ्यावी आणि तीही गर्दीच्या वेळी.

तुमच्या आकाराच्या ग्रंथालयाला दोन खरे राखीव कोर आणि ४ जीबी रॅम पुरेल, असे माझे मत आहे. मात्र कोहाची पाने पुरवणाऱ्या प्लॅकचा प्रत्येक वर्कर बऱ्यापैकी मेमरी धरून बसतो, त्यामुळे वर्करची संख्या आवरती ठेवा आणि थोडी स्वॅप (रॅम अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरील जागा) द्या.

डोंबिवलीकर

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, फक्त एका बाबतीत थोडी भर घालतो. इतक्या लहान ग्रंथालयाला राखीव कोर कशाला, असे दोन-तीन वर्षांपूर्वी मीच म्हटले असते. आता परिस्थिती बदलली आहे, कारण वाचकांची यादी इंटरनेटवर खुली झाली की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांसाठी मजकूर गोळा करणारे बॉट कोहाच्या शोधपृष्ठावर तुटून पडतात. लेखक, विषय, वर्ष असा प्रत्येक दुवा म्हणजे एक नवा शोध, आणि असे दुवे संपता संपत नाहीत. खरे वाचक पाच असताना सर्व्हर पूर्ण क्षमतेने तापलेला, हे चित्र अनेक ग्रंथालयांत दिसते. सामायिक कोराच्या ऑफरमध्ये ‘योग्य वापर’ नावाचे कलम असते आणि प्रोसेसर बराच काळ जास्त वापरल्यास वेग कमी करण्याचा किंवा सर्व्हर थेट बंद करण्याचा हक्क विक्रेता त्यात राखून ठेवतो. पहिल्या ऑफरच्या अटींमध्ये हे कलम नक्की शोधा.

‘अमर्याद डेटा’ हेही त्याच पठडीतले आहे. १०० एमबीपीएसचा पोर्ट तीस दिवस अखंड भरून वाहिला तरी ३२.४ टीबीच डेटा जातो, म्हणजे मर्यादा पोर्टनेच घातलेली असते. तुम्हाला त्याच्या शंभराव्या हिश्शाचीही गरज पडणार नाही, तेव्हा त्या शब्दासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका.

जर्मनीच्या ऑफरविषयी सांगायचे तर यंत्रे सहसा चांगली असतात, पण अंतर आडवे येते. महाराष्ट्रातून तिथे जाऊन-येऊन साधारण १३० ते १५० मिलिसेकंद लागतात. नवीन जोडणीत टीसीपीची (संपर्क जुळवण्याची) एक, टीएलएसची (सुरक्षित करण्याची) एक आणि प्रत्यक्ष मागणीची एक अशा किमान तीन फेऱ्या होतात, म्हणजे पान बनायला लागणारा वेळ सोडूनही जवळपास अर्धा सेकंद जातो. वाचकाला ते चालेल. काउंटरवर रांग असताना प्रत्येक पुस्तकाचा बारकोड स्कॅन करणाऱ्या कर्मचाऱ्याला ते जाणवेल. शिवाय २०२४ च्या सुरुवातीला लाल समुद्रात केबल तुटल्या तेव्हा युरोपकडची वाहतूक दुसऱ्या मार्गांनी वळवावी लागली होती. निवड करण्यापूर्वी विक्रेत्याच्या चाचणी-आयपीवर ग्रंथालयाच्याच जोडणीवरून संध्याकाळी एमटीआर (वाटेतील विलंब आणि गळती मोजणारे साधन) चालवून पाहावे.

ग्रंथसेवक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पहिल्या विक्रेत्याला कोरांविषयी विचारले असता ‘आमचे सर्व सर्व्हर उच्च दर्जाचे आहेत’ एवढेच उत्तर आले. तिसऱ्याने मात्र दोन खरे कोर राखीव असल्याचे आणि प्रोसेसरचे नाव लेखी कळवले. सोबत कागदपत्रांची मागणीही केली, जी पहिल्याने केली नव्हती. ती देणे सुरक्षित आहे का? शिवाय तिन्ही ठिकाणी ‘९९.९ टक्के अपटाइम’ (सर्व्हर चालू राहण्याची हमी) आणि ‘रेड १०’ (एकच माहिती अनेक डिस्कवर ठेवण्याची रचना) लिहिले आहे, त्यामुळे बॅकअप वेगळा घेण्याची गरज आहे का, असा प्रश्न कार्यकारिणीत विचारला गेला.

लिनक्सकर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. रेड १० असल्यास एखादी डिस्क बिघडली तरी काम चालू राहते. चुकून पुसलेली नोंद, फुटलेला डेटाबेस, खाते बंद होणे किंवा इमारतीला लागलेली आग यांपैकी कशापासूनही ते वाचवत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचे एसबीजी२ हे डेटा सेंटर जळून नष्ट झाले, तेव्हा ज्यांचा बॅकअपही तिथेच होता अशा ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. कोहाचे पॅकेज रोज बॅकअप काढते, हे खरे, पण तो ‘व्हार/स्पूल/कोहा’ या फोल्डरमध्ये, म्हणजे त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर पडून राहतो आणि जुन्या प्रती आपोआप पुसल्या जातात. ती फाईल कूटबद्ध करून रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी गेली पाहिजे. तुमचा जुना डेस्कटॉप त्यासाठी उत्तम आहे. त्यानेच सर्व्हरवरून फाईल ओढून घ्यावी, म्हणजे सर्व्हरमध्ये कोणी घुसले तरी त्याचा हात बॅकअपपर्यंत पोहोचणार नाही. महिन्यातून एकदा त्याच डेस्कटॉपवर ती प्रत पुन्हा चढवून पाहा.

९९.९ टक्के म्हणजे तीस दिवसांत सुमारे ४३ मिनिटे बंद. ती मर्यादा ओलांडली तर सहसा त्या महिन्याच्या भाड्यातील काही भाग खात्यावर जमा होतो, यापलीकडे भरपाई नसते. त्यामुळे या आकड्यावरून ऑफरांची तुलना करण्यात वेळ घालवू नका.

हिशेबनीस

कागदपत्रांविषयी: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएस (भाड्याचे आभासी सर्व्हर) पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क आणि दिलेले आयपी यांची पडताळलेली माहिती पाच वर्षे जपणे बंधनकारक आहे, आणि ग्राहकांच्या पडताळणीची ही तरतूद २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे. तेव्हा भारतीय विक्रेत्याने कागद मागितले तर त्यात वावगे काही नाही. ज्याने मागितलेच नाहीत त्याच्याविषयी शंका घ्यावी. प्रतींवर ‘केवळ होस्टिंग खात्यासाठी’ असे लिहून तारीख घालावी.

आता पैशांकडे वळू. पहिल्या ऑफरचे ५९९ रुपये म्हणजे तीन वर्षांचे २१,५६४ आणि १८ टक्के जीएसटी धरून सुमारे २५,४४६ रुपये आज द्यायचे. अनुदान हप्त्यांनी येत असताना एवढी रक्कम आगाऊ देऊन बसणे आणि मधेच विक्रेत्याने गाशा गुंडाळला तर लेखापरीक्षणात उत्तर देणे, हे दोन्ही टाळलेले बरे. शिवाय तीन वर्षांनंतरचा नूतनीकरणाचा दर त्यांनी दिला आहे का, तेही पाहा. तो बहुधा बारीक अक्षरांत असतो. तिसऱ्या ऑफरचे कर धरून १,६५२ रुपये होतात, म्हणजे तुमच्या मर्यादेत बसतात, आणि तीत न पटल्यास महिन्याभरात बाहेर पडता येते.

परदेशी ऑफरमध्ये कार्डावरील चलनबदलाचे शुल्क वेगळे पडते. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांमुळे अनेक परदेशी विक्रेत्यांची आपोआप वसुली अडते, मग स्मरणपत्राची मेल कोणाच्या नजरेतून निसटली की सर्व्हर बंद पडतो.

ग्रंथसेवक

मग तिसरी ऑफर प्रथम एका महिन्यासाठी घेतो, आठवडाभर चाचणीची नोंद ठेवतो आणि त्यानंतरच देवघेव तिकडे हलवतो. पुस्तक परत करण्याची स्मरणपत्रे ई-मेलने पाठवता येतील ना?

डोंबिवलीकर

थेट सर्व्हरवरून पाठवू नका. बहुतेक विक्रेते मेल थेट पाठवण्याचा पोर्ट २५ बंदच ठेवतात, आणि उघडून दिला तरी तुमच्या वाट्याला आलेला आयपी आधीच्या भाडेकरूमुळे स्पॅमहाउसच्या (नकोशी मेल पाठवणाऱ्या पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) यादीत असू शकतो. संस्थेच्या ई-मेल सेवेमार्फत पोर्ट ५८७ वरून पाठवण्याची सोय करा. आयपीचा पूर्वेतिहास मात्र पहिल्याच दिवशी तपासा आणि तो यादीत सापडला तर लगेच बदलून मागा. महिन्याभरानंतर कोणी दाद देत नाही.

हिशेबनीस

खाते उघडताना ई-मेल आणि मोबाइल क्रमांक संस्थेचाच द्या, कोणा पदाधिकाऱ्याचा वैयक्तिक नको, आणि बिलही संस्थेच्या नावानेच घ्या. डोमेनचेही तसेच करा, पण ते शक्यतो दुसऱ्या विक्रेत्याकडून घ्या, म्हणजे सर्व्हर बदलायची वेळ आली तर त्याच दिवशी पत्ता नव्या सर्व्हरकडे वळवता येईल.