भुतरामनहट्टीची सहल : सांगलीतल्या विश्रामबागच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-302 (सहल समिती): मंडळी, मुलांच्या परीक्षा संपल्या की एका रविवारी भुतरामनहट्टीच्या झूला जायचं चाललंय. कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर करत हायवेनं गेलं की बेळगाव यायच्या आधीच लागतं. 2021 ला बन्नेरघट्ट्याहून सिंह आले, वाघ आहेत, बिबटे आहेत. कोण कोण येणार ते आज रात्रीपर्यंत कळवा, बस ठरवायची आहे.

ए-401: आम्ही तिघं.

ए-104: आम्ही चौघं म्हणणार होते, पण दादा, तिथंच 2025 च्या नोव्हेंबरमध्ये काळविटं मेली ना? 38 पैकी 31. बातमी वाचली तेव्हा दोन दिवस डोक्यातून जात नव्हतं. आता तिथं जाऊन सिंह बघायचे म्हणजे मन होत नाही.

डी-201: मुलांना काही लागण वगैरे?

सी-101 (डॉक्टर काका): लागणीची काळजी नको. तो जनावरांचा घटसर्प होता, माणसांचा घटसर्प वेगळा. गाई-म्हशींचा रोग आहे, कुंपणाबाहेरून बघणाऱ्या माणसाला त्याची भीती नाही. वहिनींनी काढलेला विषय मात्र महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काळवीट दिसायला हरणासारखं असलं तरी कुळ गाई-म्हशींचं. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, काळविटाची गळत नाहीत. त्यामुळं गोठ्यातले रोग त्याला सहज धरतात. घटसर्पाचा जंतू धडधाकट जनावराच्या घशातही गप्प बसून असतो. हवा एकदम पालटली, दाटी झाली, प्रवासाचा ताण आला की उसळतो. नोकरीत असताना असल्या केसेस कायम बघितल्या. म्हैस सकाळी वैरण सोडते, दुपारपर्यंत गळा सुजून टणक होतो, मान पुढं ताणून घरघर करत श्वास ओढते, जीभ बाहेर येते. पहिल्या काही तासांत इंजेक्शन पडलं तर ठीक, नाहीतर दुसरा दिवस दिसत नाही. बांधलेल्या म्हशीचं दुखणं मालकाला किमान दिसतं तरी. कळपातलं काळवीट आजार लपवतं, कारण रानात दुबळं दिसलं की संपलं. माणसाच्या लक्षात येईतो ते कोसळलेलं असतं.

बी-204: काका, आमच्या पलूसच्या गोठ्यात दर पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याची लस टोचून घेतोच. मग झूमध्ये का टोचत नाहीत? सरकारी जागा, डॉक्टर हाताशी.

सी-101: चांगला प्रश्न. तुझी म्हैस दावणीला बांधलेली असते, दोघांनी धरली की झालं. काळविटाच्या मागं माणसं पळाली तर ते जिवाच्या आकांतानं धावतं, जाळीवर आदळतं. त्या धावण्यानंच त्याचे स्नायू आतून फाटतात, रक्तात विष होतं आणि पकडलेलं जनावर एक-दोन दिवसांनी मरतं. लस टोचायला गेलो आणि त्यातच मेलं, असं होतं. म्हणून आवार बांधतानाच सोय ठेवावी लागते. रोजचं खाणं एका अरुंद गल्लीत ठेवायचं, जनावराला तिथं यायची सवय लावायची, आणि गरज पडेल तेव्हा मागचं दार हळूच लावून घ्यायचं. याला पैसे लागतात, त्याहून जास्त महिनोन्‌महिने धीर धरणारा माणूस लागतो. नवीन वाघाच्या पिंजऱ्याची फीत कापतात, या गल्लीची कुणी कापत नाही.

बी-302: काका, हे कर्नाटकात झालं. आपल्याकडं बरं असेल ना?

सी-101: त्याच वर्षी जुलैमध्ये पुण्यात कात्रजला 16 चितळ गेली. तपासणीत लाळ्या-खुरकूत निघाला. म्हणजे एका वर्षात दोन झू आणि दोन्हीकडं गोठ्यातलेच रोग. लाळ्या-खुरकुताचा विषाणू तर चपलेला, गाडीच्या चाकाला, वैरणीच्या पेंढीला चिकटून येतो. झूमध्ये हिरवा चारा रोज बाहेरून येतो. कामावरच्या एखाद्याच्या घरी गाय असते, पहाटे धार काढून तो ड्युटीवर येतो. त्याचा काय दोष? आत शिरताना पाय बुडवायला जंतुनाशकाचं पाणी, आतले गमबूट वेगळे आणि आसपासच्या गावातल्या सगळ्या जनावरांना लस, एवढं केलं तरी पुष्कळ थांबतं.

ई-303: स्पष्ट बोलते, मला झूच पटत नाहीत. पिंजऱ्यात ठेवायचं, गर्दी जमवायची, मेले की चौकशी समिती. माझ्या मुलीला मी चांदोलीला नेईन. तिथं ताडोब्यातून वाघीण आणून सोडलीय. आधी मोठ्या कुंपणात ठेवली, जागेला रुळू दिली, गळ्यात कॉलर घालून मग रानात. प्राणी आणायचे तर असे आणा.

ए-104: पण ताई, चांदोलीत ती वाघीण दिसणार का मुलांना?

ई-303: नाही दिसली तरी चालेल. जंगल दिसेल.

ए-502 (आजोबा): प्रतापसिंह उद्यानात पूर्वी सिंह होते. संध्याकाळी डरकाळी ऐकू यायची, आम्ही सगळे कान लावून बसायचो. सांगलीला परत झू व्हावं असं मला फार वाटतं. बेळगावला जमतं तर आपल्याला का नाही?

सी-101: आजोबा, तुमची ओढ समजते. पण आता सिंह विकत आणता येत नाही. 1992 पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे. मान्यता असलेल्या झूंमध्येच, त्यांच्या परवानगीनं अदलाबदल होते. आवार किती मोठं, रात्रीची खोली कशी, डॉक्टर आहे का, नव्या जनावराला वेगळं ठेवायची जागा आहे का, सगळं बघतात आणि बघायलाच पाहिजे. भर गावातल्या बागेत ते बसत नाही. शिवाय पुराचं पाणी आपल्या गावात कुठवर येतं ते 2019 ला बघितलंय. पिंजऱ्यातलं जनावर कुठं हलवणार? माझं विचाराल तर सांगलीला सिंहापेक्षा जखमी पशुपक्ष्यांचा चांगला दवाखाना हवा. मांज्यात अडकलेली घार, उसात सापडलेली बिबट्याची पिल्लं, रस्त्यावर धडकलेलं कोल्हं. आपल्या जिल्ह्यात याची रोजची गरज आहे. हरणं बघायची तर देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वर आहेच, साधारण 11 चौरस किलोमीटर, मोकळं रान.

ए-502: दवाखाना झाला तरी बघायला जाईन मी. पण लहान पोराला सिंह समोर दिसला की काय होतं, ते मी बघितलंय.

ए-104: हे मात्र खरं आहे आजोबा.

बी-302: मग सहलीचं काय करायचं? आत्तापर्यंत 22 नावं आलीत.

सी-101: जाऊ या, मी पण येतो. लोक जायचे बंद झाले की तिकिटाचे पैसे जातात आणि कुणाचं लक्षही राहत नाही. उरलेली 7 काळविटं कशी आहेत, लसीची काय सोय केली, हे तिथल्या माणसांना नीट, आदरानं विचारू. त्यांनी ती जनावरं डोळ्यासमोर जाताना बघितलीत, ते विसरायचं नाही. बी-204, तू गोठ्यातल्या चपला घालून यायचं नाहीस. धुतलेले बूट, आणि गाडी गावाकडून आणणार असलास तर चाकं धुऊन.

बी-204: व्हय काका. बूट वेगळेच घालतो.

ए-104: आमची चौघांची नावं घ्या. शेंगदाणे, बिस्किटं बसमध्येच ठेवायची, आत कुणी काही टाकायचं नाही, हे मुलांना मी सांगते.

ई-303: मी येत नाही, पण लेक येतेय. तिच्यासाठी खिडकीची जागा ठेवा. काकांच्या शेजारी बसवा, प्रश्न फार विचारते.

बी-302: ठेवली. बंदचा वार बघून तारीख उद्या टाकतो. सकाळी 6 ला गेटवर.