अल्फा ०.७० च्या वर गेला की प्रश्नावली प्रमाणित झाली?

रानवाट: नववी-दहावीच्या मुलांचा आहार, व्यायाम, झोप, मोबाइल, तंबाखू यांविषयीच्या परदेशी प्रश्नावल्या मराठीत आणण्याचा रस्ता ठरून गेला आहे. इंग्रजीतून मराठी, मराठीतून परत इंग्रजी, तज्ज्ञांची मान्यता, वर्गात भरून घेणे, क्रॉनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.७० च्या वर. झाली प्रमाणित! मला हे पटत नाही. कॅनडात तयार झालेली पीएक्यू-ए ही किशोरांच्या हालचालीची प्रश्नावली गेल्या ७ दिवसांत मोकळ्या वेळात काय खेळलात ते विचारते. मूळ यादीत आइस हॉकीसुद्धा आहे. तिथे कबड्डी, खो-खो घातले तरी दोन हंडे डोक्यावर आणणारी, रविवारी कांदा खुरपायला जाणारी मुलगी कुठल्या चौकोनात खूण करणार? कागदावर ती बैठी ठरते. अल्फा कितीही येवो.

आकडेमोड: प्रत्येक तालुक्याने स्वतःची प्रश्नावली लिहिली तर तुलना कशाशी करणार? मुख्यतः युरोपातील एचबीएससी हे शाळकरी मुलांच्या आरोग्य-सवयींचे सर्वेक्षण ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांना दर ४ वर्षांनी गाभ्याचे तेच प्रश्न विचारते, म्हणून तर तिथे काळाप्रमाणे झालेला बदल दिसतो. आणि अल्फाशिवाय प्रश्न एकमेकांशी जुळतात की नाही हे कळणार कसे?

रानवाट: पण ते जुळायलाच हवेत का? भरपूर फळे खाणारा मुलगा रात्री १ वाजेपर्यंत मोबाइलवर असू शकतो. फळे, झोप आणि तंबाखू यांची एकच बेरीज केली तर अल्फा कमी येईल, आणि त्यात प्रश्नावलीचा दोष नसेल. उलट एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारा, अल्फा लगेच चढतो. १९५१ मध्ये क्रॉनबाख यांनी ज्यावर लिहिले ती अंतर्गत सुसंगती होती. मूल खरे सांगते का, हे तिच्यातून कळत नाही.

पाटीपेन्सिल: मी शिक्षिका आहे, म्हणून या शेवटच्या वाक्यावर बोलते. वर्गशिक्षक समोर उभे, कागदावर हजेरी क्रमांक, आणि प्रश्न तंबाखूचा. कोण खरे लिहील? शिवाय मिश्री लावणाऱ्या मुलीला आपण तंबाखू घेतो असे वाटतच नाही, घरात सगळ्याजणी लावतात. मिश्रीचा प्रश्न वेगळा हवा आणि कागद नाव-क्रमांकाशिवाय पेटीत पडायला हवा. एवढे केल्याशिवाय पुढचे गणित मला तरी व्यर्थ वाटते.

आकडेमोड: पेटी मान्य, मिश्रीही मान्य. एकूण बेरजेच्या अल्फाबद्दलही रानवाट बरोबर आहेत. तिथे दोन आठवड्यांनी तोच कागद पुन्हा भरून घेऊन उत्तरे किती टिकतात ते पाहावे. पण हंड्यांचा प्रश्न गाभ्यात घुसवू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचालीचा आहे. त्यावरचा प्रश्न जसाच्या तसा ठेवा, घरकाम-शेतकाम पुरवणीत घ्या. नाहीतर आपली मुले जगाच्या तक्त्यात कुठेच दिसणार नाहीत.

रानवाट: त्या ६० मिनिटांत हंडे आणि खुरपणी धरायची, हे मुलीला सांगणार कोण? पुरवणी वेगळी छापली की अहवालात ती गळते आणि तक्त्यात चुकीचा आकडा राहतो. निदान ३०-४० मुलींच्या कमरेला आठवडाभर अॅक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल मोजणारे यंत्र, बांधा आणि तो आकडा कागदाशी ताडून पाहा. फरक मोठा निघाला तर गाभ्याचा प्रश्न बदलायला तुम्ही तयार आहात का, एवढेच सांगा.

आकडेमोड: फरक दाखवा, मग बदलू. त्याआधी नाही.