झुडपी जंगलातल्या बोरी-येरोनीचा पाला नेमके कोण खाते?

प्रश्न (बांधावरचा)

नमस्कार. आमचे शेत नागपूरहून उमरेडकडे जाताना आतल्या बाजूला, झुडपी जंगलाच्या कडेला आहे. तिथे बोर, येरोनी, भराटी, हिवर ही काटेरी झाडे-झुडपे आणि मधूनमधून खुरटा पळस एवढेच उगवते. ही 'निरुपयोगी' झुडपे साफ करून तिथे ओळीने मोठी झाडे लावावीत, म्हणजे हिरवळ होईल आणि रोही (नीलगायी) शेताकडे फिरकणारही नाहीत, असा विचार गावात सुरू आहे. मला तो पटत नाही, पण ग्रामसभेत मांडावे असे कारण माझ्याजवळ नाही. गेल्या आठवड्यात मी बांधालगतची बोर नीट पाहिली. छातीच्या उंचीपर्यंतचे कोवळे शेंडे ओढून तोडलेले होते आणि तुटल्या टोकाला सालीच्या चिंध्या लोंबत होत्या. जमिनीलगतचे दोन-चार कोंब मात्र चाकूने कापावेत तसे तिरपे कापलेले होते. हे एकाच प्राण्याचे काम आहे का? आणि आजूबाजूला वाळलेले गवत इतके असताना काट्यांत तोंड कोण कशाला घालील?

उत्तर (पानगळ)

मी अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. तुमचे निरीक्षण चांगले आहे, कारण उत्तर त्या तुटलेल्या टोकांतच आहे. रोही, चितळ, सांबर, चौसिंगा या सगळ्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते फांदी खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांत धरून ओढतात, म्हणून टोक चिंधाळते. सशाला वर-खाली धारदार दात असतात, त्यामुळे त्याचा काप स्वच्छ आणि तिरपा येतो. खालचे कोंब सशाने खाल्ले आहेत. छातीच्या उंचीचे शेंडे बहुधा रोह्याचे किंवा चितळाचे काम आहे. जवळपास लेंड्यांचा मोठा ढीग असेल तर रोही समजा, कारण तो पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो.

आता गवताविषयी. पावसाळ्यात गवत सकस असते, पण फेब्रुवारीपर्यंत ते वाळून त्यातील प्रथिने फार घटतात. चाऱ्यातील प्रथिने सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेली की पोटातील सूक्ष्मजीवांचे काम मंदावते आणि प्राण्याचे पोट भरलेले असूनही तो खंगत जातो. झुडपांची मुळे खोल असतात, त्यांचा पाला गवतानंतरही बराच काळ हिरवा राहतो आणि बोरीच्या पाल्यात प्रथिने १० टक्क्यांहून अधिक असतात. काटे प्राण्याला हाकलून देत नाहीत, ते त्याला सावकाश खायला लावतात. बोरीच्या पेरावर बहुधा दोन काटे असतात, एक सरळ आणि एक मागे वळलेला; त्यांतून एकेक पान वेचताना घास लहान होतो आणि झुडूप ओरबाडले जाण्यापासून वाचते. शिवाय पाल्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असते आणि ते प्रथिनांना बांधून ठेवते, म्हणून प्राणी एकाच झुडपावर तुटून पडत नाही, चार ठिकाणी तोंड लावतो. जंगलात एकाच जातीचे झाड ओळीने लावून हे वैविध्य मिळत नाही.

उत्तर (शेळीवाला)

आमच्या घरी दोन पिढ्या शेळ्या आहेत, म्हणून अनुभवाचे सांगतो. बोरीचा पाला गळून गेल्यावर भर उन्हाळ्यात आमच्या शेळ्या भराटीवर आणि हिवराच्या शेंगांवर निभतात. भराटी तेव्हाही हिरवी असते. चितळे त्या दिवसांत पळसाची आणि मोहाची गळलेली फुले वेचतात, आणि वानरांनी झाडावरून पाडलेला पाला खायला खाली उभी राहतात. झुडपे तोडल्यावर रोही शेताकडे येणार नाहीत, या समजुतीशी मी मुळीच सहमत नाही. रानातला पाला संपला की त्यांना हिरवे दिसते ते फक्त तुमच्या हरभऱ्यात आणि तुरीत.

उत्तर (रानवाट)

वरील दोघांच्या म्हणण्यात एक भर घालतो. झुडपे आणि प्राणी यांचे देणेघेणे दोन्ही बाजूंनी चालते. चितळ आवळा गिळते आणि रवंथ करताना आठळी दूर कुठेतरी टाकते. रोह्याच्या लेंड्यांच्या ढिगात बाभळीची आणि बोरीची रोपे उगवलेली दिसतात. सगळीच झुडपे सारखी नाहीत, हेही ग्रामसभेत स्पष्ट सांगा. रायमुनिया, जिला पश्चिमेकडे घाणेरी म्हणतात, ती अमेरिका खंडातून आलेली आहे. तिच्या पानांनी गुरांच्या यकृताला इजा होते आणि उन्हात त्यांची कातडी सोलवटते. ती काढायचीच असेल तर फळे धरण्यापूर्वी, मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडून झुडूप उलटे ठेवावे, नाहीतर बुंध्यातून पुन्हा फुटवा येतो.

कायद्याची बाजूही आहे. 'झुडपी जंगल' ही पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांच्या महसुली दप्तरातील जुनी नोंद आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी या जमिनी वनजमिनीच मानल्या आहेत. सातबाऱ्यावर ती नोंद असेल, तर तिथे कुऱ्हाड चालवण्याचा निर्णय गावाला स्वतःहून घेता येणार नाही.

प्रश्नकर्ता (बांधावरचा)

मनःपूर्वक आभार. आज सकाळी पुन्हा गेलो होतो. हिवराखाली लेंड्यांचा ढीग सापडला आणि त्यात बोटभर उंचीची बाभळीची तीन रोपे होती. त्यांचे आणि त्या चिंधाळलेल्या शेंड्यांचे फोटो काढले आहेत. उद्या तलाठी कार्यालयातून सातबारा काढतो आणि रविवारच्या ग्रामसभेत दोन्ही ठेवतो.